ऑपरेटर आणि कोरांटी

ऑपरेटरांना तीन पावलांवरचं माणूस ओळखू येत नसे. मी रोज शेजारच्या गाळ्यात बसणारी, पण साडीचा रंग बदलला की मलाच विचारायचे, "कोण पाहिजे?" आणि हाच माणूस रस्त्यापलीकडच्या रसवंतीत लावलेल्या टीव्हीकडे बघून म्हणायचा, "बंद करा ते. बाईला नाक नाही." मला आधी वाटलं, ह्यांचं डोकं फिरलंय. मग एकदा मुद्दाम पलीकडे जाऊन पाहिलं. बातम्या सांगणाऱ्या बाईला खरंच नाक नव्हतं. नाकाच्या जागी नुसता उजेड होता.

त्यांना बारीक दिसत नव्हतं, पण उजेड आणि रंग बरोबर कळायचे. पंचवीस वर्षं त्यांनी जुन्या नाशकातल्या एका टॉकीजमध्ये मशीन चालवलं होतं. तेव्हा मशीनमध्ये कार्बनच्या कांड्या जळायच्या आणि त्या जाळाच्या उजेडावर सिनेमा दिसायचा. जाळाकडे बघायला काळी काच दिलेली असायची. ऑपरेटर ती वापरायचे नाहीत. "काचेतून जाळ खरा दिसत नाही, आक्का," असं त्यांचं म्हणणं. डोळे गेले ते त्यात. हा मूर्खपणा होता, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. ते म्हणाले, "होता." त्यांचं हे मला आवडायचं. चूक असली तर एका शब्दात कबूल करायचे.

त्यांना खरं नाव होतं. दुकानाच्या परवान्यावर मी ते वाचलंही होतं. पण अख्खं इंदिरानगर त्यांना ऑपरेटरच म्हणायचं, म्हणून मीही इथे तेच लिहिते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाथर्डीच्या अंगाला आमचा फुलांचा मळा होता. लग्न होऊन आले ती थेट शेवंतीच्या वाफ्यातच. पुढे शहर मळ्यापर्यंत आलं, मळ्याचे प्लॉट पडले, आणि नवऱ्यामागे मला एक गाळा उरला. तिथे मी हार-फुलं घेऊन बसले. नव्वद सालानंतर कधीतरी शेजारच्या गाळ्यात ऑपरेटरांनी व्हिडिओ लायब्ररी काढली. त्यांची टॉकीज बंद पडून तिथे लग्नाचा हॉल झाला होता. बायको त्याच्याही आधी गेलेली, मुलगी लग्न होऊन इगतपुरीला. जावई रेल्वेत.

दुकानावर त्यांनी पाटी लावली होती, 'येथे पूर्ण सिनेमा मिळेल'. लोक हसायचे. पूर्ण म्हणजे काय, अर्धा कोण देतो? ऑपरेटर म्हणायचे, "सगळेच देतात. तुम्हाला कळत नाही एवढंच."

पहिलं वर्षभर ते माझ्याशी एकच शब्द बोलले. "पाणी." माझ्या टोपल्यांतून पाणी गळायचं आणि उताराने त्यांच्या उंबऱ्याशी जायचं. ते खुर्चीतून न उठता म्हणायचे, "पाणी." मी फडकं टाकायचे. मग मी म्हणायला लागले, "फुलं आहेत ती, कोरडी कशी ठेवू?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "ठेवू नका. पण माझ्याकडे पाठवू नका." भांडण म्हणावं एवढंही ते नव्हतं. एक दिवस त्यांनीच सिमेंट आणून दोन गाळ्यांच्या मध्ये चार बोटं उंचीची पाळ घातली. मला विचारलं नाही. पाळ मात्र सरळ घातली होती, म्हणून मी काही बोलले नाही.

पुढे कॅसेटींच्या जागी डीव्हीडीच्या चकत्या आल्या, आणि चकती धरायची त्यांची एक पद्धत होती. एक बोट मधल्या भोकात, अंगठा कडेला, वरच्या अंगाला हात नाही. पुसायची ती मऊ सुती कापडाने, मधून बाहेर, सरळ रेघेत. गोल गोल पुसणाऱ्या गिऱ्हाइकाला ते पुन्हा चकती देत नसत. एका शिकलेल्या बाईंना त्यांनी सांगितलं होतं, "ताई, तुम्ही ताट घासताय. हे ताट नाही." त्या बाई परत आल्या नाहीत. ऑपरेटरांना त्याचं काही वाटलं नाही.

ह्या माणसाला कापलेलं चित्र सहन होत नसे. त्याला कारण होतं. टॉकीजचा मालक दिवसात एक खेळ जास्त बसावा म्हणून सिनेमातले तुकडे काढायला लावायचा. कधी गाणं, कधी म्हाताऱ्या आईचं रडणं. "हुकूम मालकाचा, कात्री माझ्या हातात," ऑपरेटर सांगायचे. "लोक घरी जायचे आणि म्हणायचे, गोष्ट कळली नाही. गोष्ट माझ्या केबिनमध्ये डब्यात पडलेली असायची." म्हणून ती पाटी.

केबल घरोघर आली तेव्हा लोक म्हणाले, आता लायब्ररी बंद होणार. रोज चार सिनेमे घरबसल्या दिसतात. ऑपरेटर म्हणाले, "केबलवर सिनेमा दाखवत नाहीत. सिनेमाची आठवण करून देतात." केबलवाला चित्राच्या खाली साड्यांच्या सेलची पट्टी फिरवायचा. नायिका मरत असली तरी खाली पन्नास टक्के सूट. वरून दर दहा मिनिटांनी साबण. माझ्या सुनेला त्याचं काही वाटत नव्हतं, ती तेवढ्यात भाजी फोडणीला टाकून यायची. मलाही फारसं काही वाटत नव्हतं. खोटं कशाला सांगू?

मला फरक कळला तो फुलांमुळे. कॅसेटी जाऊन चकत्या आल्या होत्या. एका दुपारी ऑपरेटर नवी डीव्हीडी लावून बघत होते आणि मी त्यांच्या उंबऱ्याशी हार ओवत बसले होते. पडद्यावर लग्न चाललं होतं. मी सहज म्हणाले, "नवऱ्याच्या गळ्यातला हार कागदाचा आहे."

ऑपरेटर उठून उभे राहिले. "कशावरून?"

"शेवंतीची पाकळी देठाशी वळते. ही सरळ आहे. आणि इतका वेळ दिव्यांखाली उभा आहे, एक पाकळी मान टाकत नाही."

त्यांनी तोच सिनेमा जुन्या कॅसेटवर लावला. "आता सांगा."

कॅसेटवर नवऱ्याच्या गळ्यात नुसता पिवळा गोळा होता. शेवंती म्हणा, झेंडू म्हणा, हळदीत बुडवलेलं फडकं म्हणा. मी तसं सांगितलं. ऑपरेटरांनी मान डोलावली. त्या दिवसापासून त्यांनी माझे डोळे कामाला लावले. कुठलीही नवी चकती आली की आवाज यायचा, "आक्का, हार कशाचा?" मी हातातलं काम टाकून जायचे आणि सांगायचे. फूल ओळखता आलं तर चकती चांगली. ओळखता नाही आलं तर ते ती मागच्या फळीवर टाकायचे. गिऱ्हाइकालाही सांगायचे, "ही नेऊ नका. आक्काला मोगरा ओळखता आला नाही."

नंतर निळ्या डब्यांतल्या ब्लू-रे चकत्या आल्या. तेव्हा मी पडद्यावरच्या निशिगंधाचा देठ कधी तोडला असेल तेही सांगायला लागले. सकाळचा की आदल्या दिवसाचा. ऑपरेटर लहान मुलासारखे खूष व्हायचे. मला कधी कधी वाटायचं, ह्यांना स्वतःला ह्यातलं काय दिसतं? एकदा विचारलंच. म्हणाले, "रंग दिसतो. बाकी तुम्ही सांगता."

ह्या नव्या चकत्यांवरून एकाच गोष्टीचं भांडण व्हायचं. सिनेमा लावला की पडद्याच्या वर आणि खाली काळे पट्टे यायचे. आमच्या ओळीत एक बँकवाले साहेब राहायचे. लायब्ररीचं जुनं गिऱ्हाईक. ते एकदा तणतणत आले, "ऑपरेटर, एवढा मोठा टीव्ही घेतला आणि निम्मा काळा? टीव्हीवर लागतो तेव्हा पडदा भरून लागतो."

ऑपरेटरांनी त्यांच्याच घरातल्या लग्नाच्या फोटोची गोष्ट काढली. "साहेब, तुमच्याकडे भिंतीवर सगळ्या भावकीचा लांबडा फोटो आहे ना? तो चौकोनी चौकटीत बसवायचा. कसा बसवाल?"

"वर-खाली कोरी जागा सोडून."

"टीव्हीवाले तसं करत नाहीत. ते फोटो मोठा करतात आणि दोन्ही बाजूंचे काका-मामा कापून टाकतात. चौकट भरली की तुम्ही खूष. हे काळे पट्टे म्हणजे कोणी कापलं नाही, ह्याची खूण आहे."

साहेब म्हणाले, "कडेच्या माणसांत बघण्यासारखं काय असतं?"

ऑपरेटरांनी हातातली चकती डबीत घातली. त्यांचं उत्तर मला माहीत होतं, पण ते सांगण्याचं काम माझं नव्हतं.

त्यांच्याकडे बायकोचा एकच फोटो होता, लग्नातला. तो त्यांनी मला दाखवला होता. मान खाली, आणि तोंडावर निशिगंधाच्या मुंडावळ्या इतक्या दाट की हनुवटी सोडून काही दिसत नाही. "मुंडावळ्या ज्याने केल्या त्याला धंदा कळत नव्हता," मी म्हणाले. पुढे फोटो काढायचं राहूनच गेलं. मग ती काविळीने गेली. मुलगी तेव्हा लहान होती, तिला आईचं तोंड आठवत नाही. ऑपरेटरांनाही नीट आठवेनासं झालं होतं. हे त्यांनी मला सांगितलं ते अगदी साध्या आवाजात, एखादी किल्ली सापडत नाही असं सांगावं तसं.

पण बायको एका सिनेमात होती. लग्नानंतर थोड्या वर्षांनी गोदावरीच्या घाटावर एका सिनेमाचं चित्रीकरण झालं. थंडीचे दिवस. गर्दी म्हणून गावातल्या बायका गोळा केल्या, त्यांना गजरे वाटले. ही शेजारणींबरोबर गेली. तिने त्यांचा गजरा घेतला नाही. तिच्या दारात जांभळी कोरांटी होती, थंडीत ती रोज स्वतः ओवलेला कोरांटीचाच गजरा घालायची. कोरांटीला वास नाही, दुपारपर्यंत ती मलूल होते, बाजारात तिला कोणी विचारत नाही. दारात असेल ती बाई घालते.

घराची किल्ली तिच्याकडे राहिली होती. दोन खेळांच्या मधल्या वेळात ऑपरेटर सायकल मारत घाटावर गेले. दोरीच्या बाहेर उभं राहून त्यांनी हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. तिने बघितलं नाही. खेळाची वेळ झाली म्हणून ते तसेच परतले. घरी आल्यावर भांडण झालं. "हिरो समोर असल्यावर नवरा कशाला दिसेल?" हे म्हणाले. ती म्हणाली, "मी बघितलं तुमच्याकडे. तुम्हालाच दिसत नाही. सिनेमा आला की बघा."

सिनेमा आला तो दुसऱ्या टॉकीजला. ऑपरेटरांची ड्युटी सगळ्या खेळांना. ती जाऊन बघून आली आणि म्हणाली, "मी आहे. अगदी कोपऱ्यात आहे." हे गेले नाहीत. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता सिनेमा उतरला. पुढे तीही गेली.

व्हिडिओचा जमाना आल्यावर त्यांनी त्या सिनेमाची कॅसेट मिळवली. मला दाखवली तेव्हा ती त्या जागेवर घासून घासून पांढरी पडली होती. घाट येतो, हिरो पायऱ्या उतरतो, बायका बघतात. उजवीकडे, अगदी वरच्या कोपऱ्यात एक बाई. चित्र थांबवलं की त्यावर एक आडवी रेघ थरथरायची. बाईचं तोंड म्हणजे एक ठिपका, केसांत काहीतरी निळसर.

"हीच," ऑपरेटर म्हणाले. "बघा, हिरोकडेच बघतेय."

हसत म्हणाले, पण ते हसणं मला पटलं नाही. एवढी वर्षं हा माणूस त्या ठिपक्याशी भांडत होता. त्याला बायकोचं तोंड एकदा धड बघायचं होतं, आणि तिने खरंच बघितलं होतं का हेही. त्या सिनेमाची डीव्हीडी आली, तीही कॅसेटवरूनच काढलेली. ठिपका होता तिथेच होता.

मग बँकवाल्या साहेबांनी छपरावर नवी छत्री बसवली. "ऑपरेटर, आता चकती विसरा. ह्याच्यातून सरळ एचडी येतं. तुमच्या चकतीवर असतं तेच."

ऑपरेटर म्हणाले, "तेच कसं असेल? आपल्या गल्लीत एका नळावर किती घरं आहेत? सगळ्यांनी तोट्या उघडल्या की करंगळीएवढी धार येते. छत्रीचं तसंच आहे, शे-दोनशे चॅनेल एका धारेवर. चकती म्हणजे भरलेला हंडा आहे. सगळं पाणी एकाच घराचं."

साहेब हसले. म्हणाले, "येत्या रविवारी दुपारी तुमचाच तो घाटाचा सिनेमा आहे. साफसूफ करून एचडीवर दाखवणार आहेत. या दोघं, पोहे खायला."

ऑपरेटर इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी त्यांना त्या शर्टात कधी पाहिलं नव्हतं. साहेबांनी त्यांना पुढची खुर्ची दिली. सिनेमा सुरू झाला आणि मी खरं ते सांगते, चित्र चांगलं होतं. पाण्यावरचा उजेड दिसत होता, तांब्याच्या घागरीवरचे पोचे दिसत होते. आणि वर-खाली काळे पट्टे नव्हते. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "बघा, भरून आहे की नाही?"

घाट आला. ऑपरेटरांनी माझा हात धरला, "आक्का, वरचा कोपरा."

वरच्या कोपऱ्यात चॅनेलचा शिक्का होता. रंगीत, गोल गोल फिरणारा. बरोबर त्या बाईच्या डोक्यावर.

"थांबवा," ऑपरेटर म्हणाले.

"थांबत नाही हो," साहेब म्हणाले. "हे वरून येतं."

तेवढ्यात हिरो पायऱ्या उतरून गेला आणि साबणाची जाहिरात लागली. ऑपरेटरांनी पोहे संपवले, वहिनींना चांगले झाले म्हणून सांगितलं आणि आम्ही निघालो. रस्त्यात मी म्हणाले, "केसांत पांढरं होतं, एवढं मी पाहिलं. शिक्क्याच्या खालून." ते म्हणाले, "निळं आहे ते." मी म्हणाले, "बरं."

पण एक झालं. सिनेमा साफ केला आहे म्हटल्यावर त्याची चकतीही निघणार, हे त्यांनी ओळखलं. मुंबईच्या एका व्यापाऱ्याला त्यांनी पाठोपाठ पत्रं टाकली, फोन केले. चकती यायला पावसाळा उलटला. तोवर लायब्ररीत गिऱ्हाईक उरलं नव्हतं. सकाळी उघडायची, पुसापुशी करायची, दुपारी झोपायचं. दसऱ्याच्या गडबडीनंतर, एका निवांत दुपारी त्यांनी हाक मारली, "आक्का, काम टाकून या." निळी डबी त्यांच्या हातात होती.

त्यांनी शटर अर्धं ओढलं. चकती भोकात बोट घालून उचलली, कापडाने एकदा पुसली, मशीनमध्ये सरकवली. पट्टे आले. घाट आला. बटण दाबलं आणि सगळा घाट जागच्या जागी उभा राहिला. रेघ नाही, थरथर नाही, वर शिक्का नाही.

"आक्का, केसांत काय आहे?"

ती बाई आता स्पष्ट दिसत होती. नाक, डोळे, कानातली फुलं. मी पुढे होऊन पाहिलं. मग पुन्हा पाहिलं, कारण काय सांगावं लागणार ते मला कळलं होतं.

"कागडा आहे," मी म्हणाले. "पांढरा. विकतचा. सिनेमावाल्यांनी वाटलेला."

"नीट बघा."

"नीटच बघितलं. कोरांटी नाही. ही तुमची बायको नाही, ऑपरेटर."

ते स्टुलावर बसले. दुसरी एखादी असती तर दोन शब्द मऊ बोलली असती. मला ते जमत नाही, आणि त्यांनी मला बोलावलं होतं ते मऊ बोलायला नाही. मी आपली पडद्याकडे बघत राहिले. त्या कागडेवालीच्या पुढे अजून पायऱ्या होत्या. एक दगडी खांब होता. खांबाला टेकून चार-पाच माणसं होती. मी म्हणाले, "हा खांब कुठून आला? तुमच्या कॅसेटीत हा नव्हता."

ऑपरेटरांनी मान वर केली. "कुठला खांब?"

"उजव्या अंगाला. तिथे माणसं आहेत."

 ऑपरेटरांनी कपाळावर हात मारला. "कोपऱ्यात आहे म्हणाली होती. मी कापलेल्या चित्राच्या कोपऱ्यात शोधत बसलो. मी, ऑपरेटर. जगाला सांगतो की टीव्ही कडा कापतो, आणि स्वतः..."

"मूर्खपणा झाला," मी म्हणाले.

"झाला."

मी पडद्याला नाक लावलं. खांबाजवळची माणसं हिरोकडे बघत होती. सगळ्यांच्या माना डावीकडे. एकच बाई उजवीकडे बघत होती, चित्राच्या बाहेर. मान चांगली वळवलेली होती, त्यामुळे अंबाडा दिसत होता, आणि अंबाड्यावर फिकट जांभळं. अॅस्टर नाही, अॅस्टर गोल बसतो. हे सैल होतं, थोडं मलूल झालेलं.

"कोरांटी आहे," मी म्हणाले. "उजवीकडे बघतेय."

"मी तिकडेच होतो," ऑपरेटर म्हणाले. "सायकल घेऊन."

ते उठून पडद्यापाशी आले. चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. डोळे अगदी काचेला टेकवले. मला कळलं की त्यांना नुसता जांभळा ठिपका दिसतोय. एवढी वर्षं चित्र खराब म्हणून तोंड दिसत नव्हतं. आता चित्र चांगलं होतं.

मागे सरून ते म्हणाले, "आक्का, कशी आहे?"

"तोंड तांदळाच्या दाण्याएवढं आहे. दिसतं तेवढं सांगते."

"सांगा."

"कपाळ रुंद आहे. कुंकू मोठं. पदर खांद्यावर. हातात कसलीतरी पिशवी आहे. तोंड उघडं आहे, काहीतरी बोलतेय."

"काय बोलतेय?"

"ते मला कसं कळणार?"

"हसतेय का?"

मी पुन्हा पाहिलं. हो म्हणणं सोपं होतं. "नाही," मी म्हणाले. "वैतागलेली दिसते. चांगलीच."

ऑपरेटर हसायला लागले. हसता हसता त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, गोल गोल. "मग तीच," ते म्हणाले. "तीच आहे ती."

पुढच्या वर्षी त्यांनी लायब्ररी बंद केली आणि ते मुलीकडे इगतपुरीला गेले. फळ्या विकल्या, चकत्या कोणी घेतल्या नाहीत. ती निळी डबी आणि मशीन मला दिलं. "तिकडे नेऊन काय करू? मला दिसत नाही, आणि मुलगी बाबांना वाईट वाटेल म्हणून हसतेय असं सांगेल," म्हणाले. दोन गाळ्यांमधली पाळ तशीच राहिली. पलीकडे आता मोबाइलचं दुकान आहे. त्या पोराला पाण्याचं काही वाटत नाही.

इगतपुरीहून अधूनमधून फोन यायचा. "इकडे पाऊस लागला की छत्री बंद. चित्राचे चौकोन चौकोन होतात, म्हणे. सहा दिवस झाले, घरातली माणसं एकमेकांशी बोलायला लागलीत." मग म्हणायचे, "आक्का, लावा." मी चकती लावायचे, घाटावर थांबवायचे, फोन कानाला धरून पडद्याशी जायचे.

"आहे का?"

"आहे."

"वैतागलेली?"

"वैतागलेली."

"ठीक," म्हणायचे आणि फोन ठेवायचे.

शेवटच्या एक-दोन वेळा मशीन बिघडलेलं होतं. दुरुस्त करणारा मिळाला नाही. मी न लावताच सांगितलं, आहे, वैतागलेली आहे. त्यात खोटं काही नव्हतं. चकतीवरचं माणूस बदलत नाही.

नंतरच्या एका पावसाळ्यात फोन मुलीचा आला. दुपारी जेवून झोपले ते उठले नाहीत. मी विचारलं, "हार कशाचा घातला?" ती म्हणाली, "झेंडूचा होता, आक्का. दुसरं काही मिळालं नाही पावसात." मी म्हणाले, "झेंडू टिकतो. बरं केलंस."

चकती माझ्या कपाटात आहे. अंगाला हात न लावता ठेवली आहे.

तो सिनेमा अजूनही टीव्हीवर लागतो. आता आमच्याकडेही एचडी आहे, चित्र स्वच्छ येतं. घाट येतो, हिरो पायऱ्या उतरतो, कागडेवाली बाई दिसते आणि तिच्या पुढे टीव्हीची चौकट लागते. मी सुनेला म्हणते, "इथे पुढे एक खांब आहे. तिथे माणसं आहेत."

ती पडद्याच्या कडेकडे बघते आणि म्हणते, "कुठे?"

मी म्हणते, "आहेत. चहा टाक."